गाण्याचा सातबारा

माढा तालुक्यातल्या अरण गावी संत सावता माळी यांची समाधी आहे. पंढरपूर इतकं जवळ, तरी सावतोबा मळा सोडून कधी पंढरीला गेले नाहीत, असं वारकरी सांगतात. म्हणून आजही सावतोबांची पालखी पंढरपूरला जात नाही. विठ्ठलाचीच पालखी त्यांना भेटायला अरणला येते. सावतोबांचे सदतीस अभंग आज उपलब्ध आहेत आणि ते काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले, असं परंपरा मानते. मळ्यात काम करता करता गाणारा एक माणूस आणि ते ऐकून उतरवून घेणारा दुसरा. सावतोबा समाधिस्थ झाले १२९५ साली. त्यानंतर सात शतकं गेली, तरी हे अभंग कोणाचे याबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. रचनेच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव गुंफायची संतांची रीत होती आणि ती रचना लिहून ठेवणारा एक गुरव गावात होता.

याच तालुक्यात, याच मातीतलं एक गाणं आज एखाद्या विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रित केलं, त्याचा व्हिडिओ केला, त्याचं कव्हर काढलं, तर ते कसं व्हावं? समजा, माढ्याच्या कॉलेजात शिकणारी एक मुलगी आहे. गल्लीतल्या आराधी बायकांच्या मेळ्याचं एक गाणं तिला लहानपणापासून पाठ आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिने तेच निवडलं. कॅमेरा म्हणजे मोबाइल, एडिटिंगही त्यातच, कव्हरही त्यातच. साधनांची अडचण आता फारशी उरलेली नाही. अडचण वेगळीच आहे. गाणं आपलं, गाव आपलं, माणसं आपली. पण ते जगासमोर ठेवायचं कसं आणि कोणाच्या नावाने, हे तिला कोणत्याही वर्गात शिकवलेलं नाही. हा लेख तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी आहे.

आवाजांचा मुलूख

माढ्याला रावरंभा निंबाळकरांचा किल्ला आहे, माढेश्वरीचं देऊळ आहे. तालुक्यातलं सगळ्यात गजबजलेलं ठिकाण मात्र कुर्डुवाडी. १८९७ साली इथून बार्शीकडे अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे निघाली. पुढे ती एका बाजूला लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली. या छोट्या गाडीने दशकानुदशकं वारकरी वाहिले. वारकऱ्यांबरोबर टाळ, वीणा, पखवाज आणि चालीही या गावाहून त्या गावाला गेल्या.

नकाशावर बोट ठेवलं तर गाण्याच्या दृष्टीने हा तालुका केवढा भाग्यवान, हे लगेच ध्यानात येतं. दक्षिणेला पंढरपूर, म्हणजे अभंग आणि भारूड. पूर्वेला तुळजापूर, म्हणजे आराध्यांची गाणी, गोंधळ आणि संबळ. तालुक्यातलंच मोडनिंब लावणीसाठी ओळखलं जातं. शेजारच्या बार्शीत १९१६ साली शाहीर अमर शेख जन्मले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदानं भरली. आणि लग्नाची वरात असो, जत्रा असो की निवडणुकीचा गुलाल, सगळीकडे हलगी. वाजवायच्या आधी तिचं कातडं जाळावर शेकून तापवायचं, ते ताणलं की मग काडी आणि टिपरू कडाडायला लागतं. ही सगळी गाणी नि वाद्यं पिढ्यानपिढ्या ज्या माणसांनी सांभाळली, त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत.

जेऊरचा विद्यार्थी

माढ्याहून रेल्वेने पुण्याकडे निघालं, की कुर्डुवाडीनंतर केम लागतं आणि त्यापुढे जेऊर. दोन्ही गावं करमाळा तालुक्यातली. जेऊरचे नागराज मंजुळे पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. झाले आणि मग अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकायला गेले. तिथे विद्यार्थी असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या, पण शाळेबाहेर राहिलेल्या एका मुलाची ती गोष्ट. ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या लघुपटाला पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान मिळाला. या भागातल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ‘मी काय करू शकतो’ असा प्रश्न पडला, तर त्याचं सगळ्यात जवळचं उत्तर हे आहे. एका कॉलेजातला अभ्यासाचा प्रकल्प देशापुढे गेला आणि तो गेला तो स्वतःच्या गावची भाषा न सोडता.

पुढे ‘फँड्री’साठी मंजुळेंना नायक सापडला तो केमचा सोमनाथ अवघडे, हलगी वाजवणारा शाळकरी मुलगा. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’च्या प्रसिद्धीसाठी अजय-अतुल यांनी एक गाणं केलं. ते चित्रपटात नाही. चित्रपटाच्या बाहेर, स्वतंत्र व्हिडिओ म्हणून ते लोकांपर्यंत गेलं आणि पडदा उघडण्याआधीच चित्रपटाची ओळख बनलं. म्युझिक व्हिडिओ काय करू शकतो, हे शिकायला आपल्याकडे याहून चांगलं उदाहरण नाही.

मग २०१६ साली ‘सैराट’ आला. त्यातली गाणी करमाळ्याच्या परिसरात चित्रित झाली. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या कॅमेऱ्याने इथल्या विहिरी, उसाचे फड, देवळं आणि उजनीच्या पाण्याचा हा मुलूख असा दाखवला, की इथे जन्मलेल्यांनाही तो नव्याने दिसला. त्याच गाण्यांसाठी पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित करण्यात आला. एका टोकाला करमाळा, दुसऱ्या टोकाला हॉलिवूड, आणि मधे कुठेही गावाबद्दल संकोच नाही. आपल्या मुलीने यातून घ्यायचं ते हेच. आराधी गाणं चित्रित करायला रंगीत दिवे लावलेला स्टुडिओ शोधायची गरज नाही. ज्या ओट्यावर ते गायलं जातं, तिथली संध्याकाळची तिरपी उन्हं हीच त्याची प्रकाशयोजना.

व्हिडिओतलं गणित

म्युझिक व्हिडिओत आवाज आधी होतो, चित्र नंतर. गाणं ध्वनिमुद्रित करून घ्यायचं, चित्रीकरणाच्या वेळी ते स्पीकरवर लावायचं आणि गाणाऱ्यांनी त्यावर ओठ हलवायचे. यात काही गोष्टी अनुभवाने कळतात, पण त्यामागचं कारण आधी ठाऊक असेल तर दिवस वाया जात नाही.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शेतात स्पीकर या बांधावर आणि गाणारी मंडळी ३४ मीटरवरच्या दुसऱ्या बांधावर असतील, तर त्यांना गाणं सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने उशिरा ऐकू येतं. सेकंदाला २५ चित्रं या हिशेबाने ही अडीच चित्रांची चूक झाली. मग ओठ आणि शब्द जुळत नाहीत आणि एडिटिंगला बसल्यावर कारण सापडत नाही. उपाय सोपा आहे: स्पीकर गाणाऱ्याच्या पायाशी ठेवायचा आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर झाकायचा.

संथ गतीचं दृश्य हवं, तर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, त्याच वेगाने ओठ हलवायला सांगायचं आणि सेकंदाला ५० चित्रं टिपायची. ती २५च्या गतीने दाखवली, की ओढणी, धूळ, उडणारा भंडारा सगळं संथ होतं आणि शब्द मात्र गाण्याशी बरोबर जुळतात.

हलगीचं ध्वनिमुद्रण ही तर स्वतंत्र परीक्षा. टिपरू पडताना आवाजाची जी उसळी येते, ती मोबाइलच्या माइकला झेपत नाही आणि आवाज फाटतो. माइक दूर न्यावा, आवाजाची पातळी आधीच खाली घ्यावी आणि मंडळींना एकदा पूर्ण जोरात वाजवून दाखवायला सांगावं. बायकांच्या मेळ्याचा आवाज घेताना याच्या उलट: जवळ जावं, पंखा बंद करावा, आणि पहिल्या दोन-तीन वेळा त्या बिचकत गातील हे गृहीत धरून थांबावं. गाणं रंगात येतं ते त्यानंतरच.

कव्हर कशासाठी

आता कव्हर. बहुतेक विद्यार्थी हे काम शेवटच्या रात्री उरकतात. व्हिडिओतलं एक चित्र, वर ठळक अक्षरं, खाली स्वतःचं नाव. पण कव्हरचा इतिहास पाहिला तर कळतं, की ते सजावटीच्या पुष्कळ आधी ओळख पटवण्याचं साधन होतं.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव जाहीर करत. तबकड्या छापल्या जात होत्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळत होती ना गायिका माहीत. लेबल चुकू नये, म्हणून नाव आवाजातच नोंदवायचं. अभंगाच्या शेवटी नाव गुंफणारे संत आणि तबकडीच्या शेवटी नाव सांगणारी गौहर जान, दोघांनाही माहीत होतं की गाणं आपल्यापासून लांब जाणार आहे.

त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. मोठी रचना चार-पाच तबकड्यांत विभागून एका जाड बांधणीत विकली जाई आणि ती बांधणी बहुधा करड्या-तपकिरी रंगाची, नुसती अक्षरं छापलेली असे. १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या अलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने कोलंबिया कंपनीला तिथे चित्र छापायला लावलं आणि कव्हर ही एक कला झाली. लाँग प्ले आली तेव्हा चित्रकाराला बारा इंचांचा चौरस मिळाला. मग कॅसेट आली. तिचं इनले कार्ड दर्शनी बाजूला जेमतेम अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच, कण्याची पट्टी अर्ध्या इंचाची. एवढ्या जागेत गायकाचा फोटो, देवीचा फोटो, गाण्यांची यादी आणि कंपनीचं नाव बसवायचं. पंढरपूर-तुळजापूरच्या दुकानांत अशा कॅसेटींच्या भिंती लागलेल्या असत. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्यामुळेच ग्रामीण आणि दलित वस्त्यांमधले आवाज बाजारात पोचले. प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्यामागून आनंद शिंदे घराघरांत गेले ते या डबीतून. पण त्या इनलेवर हलगीवाल्याचं, कोरसमधल्या बायकांचं नाव क्वचितच असे. जागा नाही, हे कारण पटण्यासारखं वाटे.

कॅसेटनंतर सीडी आली. तिची पुस्तिका १२ सेंटिमीटर चौरस. आज जागा आणखी आक्रसली. संगीत पुरवणाऱ्या अॅपसाठी साधारण ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र मागतात, पण ऐकणारा ते मोबाइलवर नखाएवढंच पाहतो. मागची बाजू नाही, कणा नाही, पुस्तिका नाही. ज्या जागेवर माणसांची नावं लिहिता आली असती, ती जागाच गेली.

विद्यार्थ्यांनी काढलेली चित्रं

विद्यार्थी असणं ही इथे उणीव नाही, हे सांगणारी दोन माणसं आपल्या ओळखीच्या वाटेवर भेटतात. १९७० साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या जॉन पाशला रोलिंग स्टोन्स या बँडने एक चिन्ह काढायला सांगितलं. मिक जॅगरने त्याला दाखवलं ते कालीमातेचं चित्र. पाशने त्यातून लाल ओठ आणि बाहेर काढलेली जीभ उचलली. त्याला ५० पौंड मिळाले. १९७१च्या ‘स्टिकी फिंगर्स’ या तबकडीबरोबर ते चिन्ह जगभर गेलं आणि २००८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने मूळ चित्र सुमारे ५० हजार पौंडांना विकत घेतलं. देवघरात रोज दिसणारी देवी एका विद्यार्थ्याने नीट पाहिली, तिच्यातली एकच रेषा निवडली आणि बाकी सगळं सोडून दिलं. माढेश्वरीच्या अंगणात वाढलेल्या मुलीला याहून मोठा धडा कोणता? कव्हरवर सगळं देऊळ छापू नये. मळवट, कवड्यांची माळ, पोताची ज्योत, यांतलं एकच काहीतरी निवडावं.

दुसरा फ्रेडी मर्क्युरी. तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच मुलांचा एक बँड त्याने काढला आणि पुढे लंडनच्या ईलिंग आर्ट कॉलेजात त्याने ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं. क्वीन या आपल्या बँडचं चिन्ह त्याने स्वतः काढलं. चार सदस्यांच्या राशींवरून दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या आणि या सगळ्यांवर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी. १९७५च्या ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’च्या कव्हरवर तेच आहे. त्याच तबकडीतल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा व्हिडिओ काही तासांत चित्रित झाला आणि म्युझिक व्हिडिओच्या इतिहासात मैलाचा दगड ठरला. त्या चिन्हात चारही जणांना जागा आहे, हे इथे महत्त्वाचं. गायक पुढे आणि बाकीचे अंधारात, असं त्याने केलं नाही.

आपल्याकडेही चित्र आणि चलच्चित्र यांचं नातं जुनं आहे. दादासाहेब फाळके १८८५ साली जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले, छायाचित्रण केलं, रविवर्मा प्रेससाठी छपाईचं काम केलं आणि त्यानंतर १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. शाई, ब्लॉक, कागद यांची जाण असलेला माणूस सिनेमाकडे वळला. छापणं आणि चित्रित करणं या त्यांच्यासाठी दोन वेगळ्या दुनिया नव्हत्या.

माढ्यातल्या मुलीलाही ही जाण शाळेतच मिळालेली असते, फक्त तिला ते कोणी सांगितलेलं नसतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा तिने दिल्या असतील. संकल्पचित्राचा पेपर म्हणजे चौकोनात आकार कसा बसवायचा, मोकळी जागा कुठे सोडायची याचा सराव. भूमिती आणि अक्षरलेखन म्हणजे कव्हरवरच्या शीर्षकाची तयारी. मराठी नाटकांच्या आणि मासिकांच्या शीर्षकांना चेहरा देणारे कमल शेडगे अक्षरांच्या जोरावरच ओळखले गेले. कव्हरवरचं शीर्षक हाताने लिहावं, ही माझी आग्रहाची विनंती. आराधी गाण्याला मोबाइलमधला तयार फाँट लावला, की ते गाणं कुठलंही होऊन जातं.

छापायचं झालं तर कुर्डुवाडी-टेंभुर्णीत लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापणारे तरबेज आहेत, त्यांच्याकडे जावं. मोबाइलच्या पडद्यावरचा लाल, पिवळा छपाईत मंद होतो, कारण पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छपाई चार शाईंनी. म्हणून आधी एक नमुना काढून उन्हात पाहावा. कडेला तीन मिलिमीटर जादा चित्र सोडावं, म्हणजे कटिंगमध्ये पांढरी रेघ येत नाही. घडीवर कोणाचा चेहरा येणार नाही, हेही पाहावं.

नाव लावणं

शेवटी मुद्द्याची गोष्ट. शेतकऱ्याच्या घरात सातबाऱ्यावर नाव चढणं म्हणजे काय, हे माढ्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. जमीन कसणारा एक आणि उताऱ्यावर दुसराच, यावरून इथे पिढ्या कोर्टात गेल्या. गाण्याचा सातबारा म्हणजे त्याचं कव्हर. तिथे ज्याचं नाव नाही, त्याचा हक्क सांगायला उद्या कोणी उरत नाही.

कायदाही आता याच बाजूने आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा निर्माता कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही, अशी तरतूद आली. आणि आपल्या मुलीच्या कामाची दुसरी तरतूद म्हणजे सादर करणाऱ्या कलावंताला, आपण हे सादर केलं अशी ओळख मागायचा हक्क मिळाला. परंपरागत गाणं कोणा एकाच्या मालकीचं नसतं. पण ते ज्या बायकांनी त्या दिवशी गायलं, त्यांचं सादरीकरण त्यांचंच असतं. ही गोष्ट आजीच्या वयाच्या गायिकांना समजावून सांगणं, त्यांची लेखी संमती घेणं आणि ती नीट जपून ठेवणं हा प्रकल्पाचाच भाग मानला पाहिजे.

हे करता येतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अनेक वर्षं हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखाच्या पुढे जाते. २०१७पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने त्या टप्प्याटप्प्याने लोकांसमोर आणल्या. तिथे ओवीबरोबर गाणारणीचं नाव आहे, गाव आहे, ध्वनिमुद्रणाची तारीख आहे, बहुतेकदा फोटोही आहे. पहाटे अंधारात जात्यावर बसून गाणाऱ्या बायकांच्या गाण्याखाली त्यांचं नाव आलं. हे काम कोणत्याही मोठ्या कंपनीच्या कव्हरपेक्षा मला मोलाचं वाटतं.

तेव्हा माढ्यातल्या त्या मुलीने कव्हरचं दर्शनी चित्र एका रेषेत आटोपावं आणि सगळा जीव मागच्या बाजूत ओतावा. गाणाऱ्या प्रत्येक बाईचं पूर्ण नाव आणि माहेरचं गाव. झांज, तुणतुणं, संबळ, हलगी कोणी वाजवली. गाणं कोणाकडून शिकलं. कुठे आणि कोणत्या तारखेला ध्वनिमुद्रित केलं. कॅमेरा कोणाचा, अक्षरं कोणाची. अॅपवर मागची बाजू नसली, तर हीच यादी व्हिडिओच्या शेवटी पुरेसा वेळ थांबून दाखवावी आणि खालच्या माहितीतही लिहावी. छापील पन्नास प्रती पुरेत: एक प्रत्येक गाणारणीच्या घरी, एक कॉलेजच्या ग्रंथालयात, एक गावच्या वाचनालयात, बाकीच्या जत्रेत मागणाऱ्यांना.

कॉलेजांनाही एक सांगणं आहे. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात लोकगीताची स्पर्धा एका मंचावर होते आणि पोस्टर, कोलाज, छायाचित्रणाच्या स्पर्धा दुसऱ्या खोलीत. या दोन खोल्यांमधली भिंत काढावी. गाणारा संघ आणि चित्र काढणारा विद्यार्थी यांनी मिळून एक गाणं, एक व्हिडिओ, एक कव्हर असं काम करावं, आणि गुण देताना पहिला प्रश्न हा विचारावा, की यात ज्यांनी ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांची नावं आहेत का. चित्रण सुंदर असेल, संगीत दमदार असेल, पण एकाही हलगीवाल्याचं नाव गाळलं असेल, तर ते काम अपुरं समजून परत द्यावं. ही सवय विद्यार्थिदशेतच लागली, तर पुढे मोठ्या पडद्यावर काम करतानाही ती सुटणार नाही.